‘ए’ प्रमाणपत्र ते फ्रान्सचा ‘एक्स’ वर्ग : नियम प्रेक्षकासाठी, कलाकाराचे काय?

गोव्यात नोव्हेंबर २०१७ मध्ये झालेल्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘इंडियन पॅनोरमा’ विभागाचा प्रारंभ रवी जाधव दिग्दर्शित ‘न्यूड’ या मराठी चित्रपटाने व्हावा, असे परीक्षक मंडळाने ठरवले होते. महोत्सवापूर्वी माहिती व प्रसारण मंत्रालयाने परीक्षकांना विश्वासात न घेता तो यादीतून वगळला. निषेध म्हणून परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सुजय घोष यांनी राजीनामा दिला. पुढे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने कोणतीही काटछाट न सुचवता चित्रपटाला ‘ए’ म्हणजे केवळ प्रौढांसाठी असे प्रमाणपत्र दिले आणि २७ एप्रिल २०१८ रोजी तो प्रदर्शित झाला.

मुंबईतील सर जे. जे. कला महाविद्यालयात विद्यार्थ्यांपुढे विवस्त्र बसून मुलाच्या शिक्षणासाठी पैसे मिळवणाऱ्या एका स्त्रीची ही कथा आहे. चित्रपटाने विचारलेला प्रश्न तिच्या कामाचा, मेहनतान्याचा आणि प्रतिष्ठेचा होता. वाद मात्र झाला तो प्रेक्षकाने काय पाहावे आणि काय पाहू नये, याविषयी.

नग्नता आणि लैंगिकता यांच्याशी संबंधित चित्रपटांच्या नियमनाचा इतिहास जवळजवळ सर्वत्र असाच आहे. कायदा प्रथम प्रेक्षकाचा विचार करतो; कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या व्यक्तीकडे त्याचे लक्ष फार उशिरा जाते. उघड लैंगिक चित्रपटांना परवानगी देऊन त्यांवर कर लावणारा फ्रान्स आणि अशा चित्रपटांसाठी कोणताही प्रमाणपत्र-वर्ग न ठेवणारा भारत यांचे मार्ग परस्परविरोधी आहेत. तरीही कलाकाराच्या संरक्षणाच्या प्रश्नावर दोन्ही देश एकाच ठिकाणी अडखळले.

बंदीऐवजी कर

फ्रान्समध्ये १९७४ मध्ये ‘इमॅन्युएल’ या कामुक चित्रपटाला मोठे व्यावसायिक यश मिळाले. त्याच वर्षी व्हॅलेरी जिस्कार देस्तँ राष्ट्राध्यक्ष झाले आणि चित्रपटांवरील सेन्सॉरशिप सैल होऊ लागली. १९७५ मध्ये उघड लैंगिक दृश्ये असलेले चित्रपट सामान्य चित्रपटगृहांत झळकले. त्या वर्षी जाँ-फ्रांस्वा दावी यांचा ‘एक्झिबिशन’ हा माहितीपट न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवातही दाखवण्यात आला. लैंगिक चित्रपटांत काम करणाऱ्या एका अभिनेत्रीचे जीवन आणि तिची मुलाखत हा त्याचा विषय होता.

या लाटेला सरकारने बंदीने नव्हे, तर अर्थसंकल्पाने उत्तर दिले. ३० डिसेंबर १९७५ रोजी संमत झालेल्या वित्त कायद्यात उघड लैंगिक चित्रपटांसाठी आणि हिंसेला चिथावणी देणाऱ्या चित्रपटांसाठी वेगळी यादी करण्याची तरतूद झाली. हाच ‘एक्स’ वर्ग. यादीत गेलेल्या चित्रपटावर ३३.३३ टक्के दराने मूल्यवर्धित कर लागू झाला, नफ्यावर २० टक्के विशेष आकारणी आली आणि फ्रेंच चित्रपटसृष्टीला मिळणारे शासकीय अर्थसाहाय्य त्याच्यासाठी बंद झाले. त्याचे प्रदर्शनही केवळ त्यासाठी राखून ठेवलेल्या चित्रपटगृहांतच करता येऊ लागले.

अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य राखायचे आणि आर्थिक उत्तेजन मात्र काढून घ्यायचे, असे हे धोरण होते. त्याचा परिणाम निर्मितीच्या पद्धतीवर झाला. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर, कथानक रचून आणि तंत्रज्ञांचा पूर्ण चमू घेऊन चित्रीकरण करणे परवडेनासे झाले. निर्मितीचा खर्च कमी करण्यात आला आणि चित्रीकरणाचे दिवस घटले. १९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली, तेव्हा प्रेक्षकाला चित्रपटगृहात जाण्याचीही गरज उरली नाही. १९८५ पासून ‘कॅनाल प्लस’ या सशुल्क वाहिनीने रात्री उशिरा असे चित्रपट दाखवण्यास सुरुवात केली. राखीव चित्रपटगृहे एकामागून एक बंद पडली. पॅरिसमधील अखेरचे चित्रपटगृह, ‘बेव्हरली’, फेब्रुवारी २०१९ मध्ये बंद झाले.

‘एक्स’ वर्ग कायद्यात राहिला, पण व्यवहारात जवळजवळ निरुपयोगी ठरला. त्याची आठवण पुन्हा झाली ती २००० मध्ये. ‘बेझ-म्वा’ या चित्रपटाला १६ वर्षांखालील प्रेक्षकांना मनाई करणारे प्रमाणपत्र देण्यात आले होते. एका संघटनेच्या अर्जावरून ‘काँसेई देता’ या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ३० जून २००० रोजी ते रद्द केले. प्रौढत्वाची मर्यादा १९९० मध्ये १८ वरून १६ वर्षांवर आणली गेल्यामुळे सामान्य प्रमाणपत्र आणि ‘एक्स’ यांच्यामध्ये कोणतीही पायरी उरली नव्हती. अखेर जुलै २००१ मध्ये सरकारने १८ वर्षांची मर्यादा पुन्हा आणली. ही सारी चर्चा वयाची, कराची आणि वर्गवारीची होती. चित्रीकरणाच्या वेळी कलाकाराची संमती कशी घेतली जाते, हा प्रश्न त्यात कोठेही नव्हता.

भारतातील व्यवस्था

भारतात चित्रपटाचे प्रमाणन हा केंद्राचा विषय आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत प्रदर्शनासाठी चित्रपटांना मंजुरी देण्याची नोंद आहे. नाटके आणि चित्रपटगृहे यांची नोंद राज्यसूचीत आहे. म्हणून मुंबईत मुख्यालय असलेल्या मंडळाने दिलेले ‘ए’ प्रमाणपत्र कोल्हापुरातील चित्रपटगृहाला लागू होते, तसेच काला अंबच्या स्मारकामुळे मराठी मनात घर करून राहिलेल्या पानिपतमधील चित्रपटगृहालाही लागू होते. चित्रपटगृहाचा परवाना मात्र त्या त्या राज्याच्या कायद्यानुसार मिळतो. विजय तेंडुलकर यांच्या ‘सखाराम बाइंडर’ नाटकाचा १९७० च्या दशकातील संघर्षही याच कारणाने राज्याच्या परीनिरीक्षण मंडळाशी झाला आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागली.

चित्रपटांच्या पूर्वपरीक्षणाला घटनात्मक आव्हान मिळाले ते ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘चार शहर एक कहानी’ या लघुपटामुळे. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांतील विषमता दाखवणाऱ्या या लघुपटात मुंबईच्या वेश्यावस्तीतील काही दृश्ये होती. मंडळाने आधी ‘ए’ प्रमाणपत्र देऊ केले, नंतर केंद्र सरकारने ती दृश्ये काढल्यास सर्वांसाठीचे ‘यू’ प्रमाणपत्र देण्याची तयारी दर्शवली. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ सप्टेंबर १९७० रोजी सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने पूर्वपरीक्षण घटनाबाह्य नसल्याचा निर्णय दिला. चित्रपटाचा मनावर होणारा परिणाम इतर माध्यमांपेक्षा अधिक तीव्र असतो, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. त्याच वेळी लैंगिकता आणि अश्लीलता या दोन गोष्टी एक नाहीत, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

१९८३ पासून ‘यू’ आणि ‘ए’ यांच्या जोडीला पालकांच्या मार्गदर्शनाचे ‘यूए’ आणि विशिष्ट व्यावसायिक वर्गासाठीचे ‘एस’ हे दोन वर्ग आले. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे केले. यांपैकी एकाही वर्गात उघड लैंगिक चित्रपटाला स्थान नाही, कारण सभ्यता आणि नीतिमत्ता यांना बाधक ठरणाऱ्या चित्रपटाला प्रमाणपत्र नाकारण्याचा अधिकार १९५२ च्या चित्रपट अधिनियमानेच दिला आहे.

फ्रान्सच्या धर्तीचा विचार भारतात एकदा पुढे आला होता. प्रमाणन मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष, दिग्दर्शक विजय आनंद यांनी २००२ मध्ये अशा चित्रपटांसाठी वेगळी, परवानाधारक चित्रपटगृहे असावीत, असे सुचवले. लपूनछपून चालणारे प्रदर्शन नियमांच्या कक्षेत आणण्याचा तो प्रस्ताव होता. सरकारने तो स्वीकारला नाही आणि विजय आनंद यांनी पदाचा राजीनामा दिला. श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ मध्ये ‘ए’च्या पुढे ‘सावधगिरीसह प्रौढ’ असा वर्ग सुचवला होता. २०२३ च्या दुरुस्तीत त्याचाही समावेश झाला नाही.

गुन्हा ठरलेली निर्मिती

प्रमाणपत्राच्या कक्षेबाहेर राहिलेली निर्मिती फौजदारी कायद्याच्या कक्षेत येते. अश्लील साहित्याची विक्री आणि प्रसार हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ नुसार गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६७-अ नुसार उघड लैंगिक कृतीचे दृश्य इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसारित केल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी ५ वर्षांपर्यंत कारावास आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बालकांचा समावेश असलेल्या साहित्याबाबत कायदा अधिक कठोर आहे. ते केवळ बाळगणे किंवा पाहणेही गुन्हा ठरू शकते.

अश्लील कशाला म्हणावे, याची कसोटी मात्र बदलत आली आहे. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी विकल्याबद्दल मुंबईतील पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये कायम ठेवली, तेव्हा एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या ‘हिकलिन’ कसोटीचा आधार घेण्यात आला होता. २०१४ मध्ये अवीक सरकार प्रकरणात न्यायालयाने ती कसोटी सोडून समकालीन समाजाच्या मापदंडांची कसोटी स्वीकारली. दोन्ही कसोट्यांत विचार आहे तो साहित्याचा आणि ते पाहणाऱ्या-वाचणाऱ्याचा.

ही त्रुटी किती महागात पडू शकते, हे मुंबईत फेब्रुवारी २०२१ मध्ये उघड झालेल्या प्रकरणातून दिसले. मढ परिसरातील एका बंगल्यावर पोलिसांनी छापा टाकला. वेबमालिकेत भूमिका देण्याचे आमिष दाखवून होतकरू तरुणींना बोलावले जाई, ऐनवेळी विवस्त्र दृश्ये करण्यास भाग पाडले जाई आणि त्या चित्रफिती सशुल्क ॲपवर टाकल्या जात, असा पोलिसांचा आरोप होता. त्याच वर्षी जुलैमध्ये एका उद्योजकालाही अटक झाली. सप्टेंबरमध्ये त्यांना जामीन मिळाला. त्यांनी आरोप नाकारले आहेत.

आरोपांचा निवाडा न्यायालयाचा आहे. पण त्यातून समोर आलेली कायदेशीर स्थिती कोणत्याही एका प्रकरणापुरती मर्यादित नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ नुसार ज्याचा हेतू बेकायदा किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, असा करार रद्दबातल ठरतो. अशा चित्रीकरणासाठी सही केलेल्या कागदाच्या आधारे कलाकाराला ठरलेले मानधन मागता येणे जवळजवळ अशक्य आहे आणि ‘हे दृश्य करारात नव्हते’ असे म्हणण्यालाही फारसा आधार राहत नाही. फसवणूक किंवा बळजबरी झाल्यास फौजदारी तक्रारीचा मार्ग खुला असतो; परंतु तक्रार करणाऱ्या व्यक्तीला आपण स्वतःच आरोपी ठरू, ही भीती असते. निर्माता नेमक्या याच भीतीचा लाभ घेऊ शकतो.

परवानगी असूनही तोच प्रश्न

जेथे निर्मिती कायदेशीर आहे, तेथे हा प्रश्न सुटला असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. फ्रान्सचा अनुभव तसे सांगत नाही. फ्रेंच कामगार कायदा सादरीकरण करणाऱ्या कलाकाराला वेतनदार कर्मचारी मानून चालतो. इंटरनेटच्या काळात मात्र ‘हौशी’ म्हणवणाऱ्या चित्रफितींचा बाजार वाढला. त्यात मोठा चमू नसतो, पटकथा नसते आणि अनेकदा नोकरीचा करारही नसतो. असतो तो केवळ प्रतिमेचे हक्क सोडून देणारा कागद.

२०२० मध्ये पॅरिसमध्ये अशा निर्मितीविरुद्ध मोठा न्यायिक तपास सुरू झाला. अनेक स्त्रियांनी फसवणूक, बळजबरी आणि बलात्काराच्या तक्रारी केल्या. त्यानंतर फ्रेंच सिनेटच्या महिला हक्क विषयक समितीने सप्टेंबर २०२२ मध्ये या उद्योगावर अहवाल सादर केला. चार महिला सिनेटरांनी तयार केलेला हा अहवाल या विषयावरील फ्रान्समधील पहिला संसदीय अहवाल होता. ‘पॉर्न : पडद्यामागचा नरक’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. एकदा प्रसारित झालेली चित्रफीत हटवून घेणे कलाकारांना किती कठीण जाते, त्यासाठी मिळालेल्या मानधनाच्या अनेक पट रक्कम कशी मागितली जाते, याकडेही त्याने लक्ष वेधले.

उद्योगातील काही मोठ्या निर्मात्यांनी २०२१ मध्ये स्वतःहून आचारसंहिता आणल्या होत्या. कोणती दृश्ये करणार आणि कोणती नाही हे आधी लेखी ठरवणे, आरोग्य चाचण्या आणि चित्रीकरण कोणत्याही क्षणी थांबवण्याचा कलाकाराचा हक्क अशा बाबी त्यांत होत्या. पण आचारसंहिता ऐच्छिक असते. ती न पाळणाऱ्याला शिक्षा नसते. सिनेटच्या अहवालाने अशा संहितांवर विसंबून न राहता राज्याने हस्तक्षेप करावा, अशी भूमिका घेतली.

त्यानंतर कायद्यात झालेले ठळक बदल पुन्हा प्रेक्षकाच्या बाजूचेच आहेत. २१ मे २०२४ च्या कायद्याने दृकश्राव्य नियामक संस्था ‘आर्कोम’ला अल्पवयीनांची वयपडताळणी न करणारी संकेतस्थळे रोखण्याचे अधिकार दिले. जून २०२५ मध्ये काही मोठ्या संकेतस्थळांनी या अटीच्या निषेधार्थ फ्रान्समधील सेवा बंद केली. मुलांचे संरक्षण निर्विवाद आवश्यक आहे. पण वयपडताळणीमुळे चित्रीकरणस्थळ सुरक्षित होत नाही.

उपलब्ध साधने

भारतात कलाकाराच्या संरक्षणाची साधने अश्लीलतेच्या कायद्यात नाहीत. ती कामगार कायद्यात विखुरलेली आहेत. चित्रपट कामगारांसाठीच्या १९८१ च्या अधिनियमाने ठरावीक वेतनमर्यादेतील कामगारांशी लेखी करार करणे निर्मात्यावर बंधनकारक केले होते. हा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० मध्ये सामावला आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा अधिनियम चित्रपटाच्या चमूलाही लागू होतो, हे केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये स्पष्ट केले आणि निर्मिती संस्थांनी अंतर्गत समिती नेमणे आवश्यक असल्याचे सांगितले. मल्याळम चित्रसृष्टीतील स्त्रियांच्या स्थितीविषयी न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सरकारला सादर झाला होता. तो जनतेसमोर येण्यास ऑगस्ट २०२४ उजाडले.

प्रमाणित चित्रपटांत एक नवी भूमिकाही रूढ होत आहे. जवळिकीच्या दृश्यांची आखणी कलाकारांच्या संमतीने करणाऱ्या, काय झाकायचे आणि कॅमेरा कोठे थांबायचा हे आधी ठरवणाऱ्या व्यक्तीला ‘इंटिमसी कोऑर्डिनेटर’ किंवा ‘इंटिमसी डायरेक्टर’ म्हणतात. २०२२ च्या ‘गहराइयां’ या हिंदी चित्रपटात दिग्दर्शिका दार गाई यांनी ही जबाबदारी सांभाळली आणि श्रेयनामावलीत त्यांना त्याचे स्थान मिळाले. कायद्याने मात्र ही नेमणूक सक्तीची केलेली नाही.

माहिती तंत्रज्ञानविषयक २०२१ च्या नियमांनी आणखी एक साधन दिले. स्वतःचे खासगी किंवा विवस्त्र दृश्य समाजमाध्यमांवर आल्याची तक्रार संबंधित व्यक्तीने केल्यास ते २४ तासांत हटवण्याची मुदत त्यांत घालण्यात आली. प्रेक्षकाऐवजी दृश्यातील व्यक्तीला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या मोजक्या तरतुदींपैकी ही एक आहे. त्याच नियमांखाली ओटीटी मंचांना आशयाची वयोगटानुसार वर्गवारी करावी लागते. अश्लील आशयाच्या कारणावरून केंद्राने मार्च २०२४ मध्ये १८ ओटीटी मंच बंद केले आणि जुलै २०२५ मध्ये आणखी २५ ॲप व संकेतस्थळांवर कारवाई केली. आशय हटला, तो तयार होताना कलाकारांशी कोणते करार झाले होते आणि ते पाळले गेले का, याची तपासणी हा त्या कारवाईचा विषय नव्हता.

फ्रान्सने कर लावून पाहिला, भारताने वर्गच न ठेवून पाहिला. कोणता मार्ग योग्य, याविषयी मतभेद राहतील. लेखी आणि मागे घेता येणारी संमती, चित्रीकरणस्थळी तक्रार ऐकणारी व्यक्ती आणि चित्रफीत हटवून घेण्याचा हक्क या तीन गोष्टींची गरज मात्र दोन्ही मार्गांना सारखीच आहे. ‘न्यूड’मधील नायिका समोर विद्यार्थी बसलेले असताना कामाला बसते, ती एका संस्थेच्या चार भिंतींत आणि ठरलेल्या मेहनतान्यावर. कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या व्यक्तीला किमान तेवढा आधार मिळतो की नाही, हे कोणत्याही प्रमाणपत्रावरील अक्षर सांगू शकत नाही.